शेजारच्या सीटवरची बाई

बस राजवाड्याच्या फाटकाशी वळली तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी तिला खिडकीची जागा देऊ केली.

"बसा इकडे. मला काय, तटबंदी पाहिली काय नि न पाहिली काय."

तिनं थोडे आढेवेढे घेतले आणि मग सरकली. आढेवेढे घेणं हा कामाचाच भाग होता.

राजधानी दाखवणाऱ्या या बसला एकटे प्रवासी बरेच येत. जोडप्यांच्या गर्दीत ते पहिल्याच थांब्यावर अवघडून जात, जेवताना टेबलाच्या कडेला बसत आणि पुन्हा या बसचं नाव काढत नसत. म्हणून मालकानं शक्कल लढवली होती. एकट्या प्रवाशाशेजारी आपलंच माणूस बसवायचं, तेही प्रवासी म्हणूनच. ड्रायव्हर आणि गाईड तिला सोबतीण म्हणत, अर्थात लोकांच्या माघारी.

स्वतःचं खरं काही सांगायचं नाही, असा मालकाचा दंडक होता. निरोप घेताना कुणी घरी बोलावलंच तर 'नक्की येते' म्हणायचं. बोलायला काय, जिभेला हाड थोडंच असतं!

तर सोबतीण नेहमीप्रमाणे लांबच्या गावाहून नणंदेकडे पाहुणी आली होती. खरं म्हणजे तिला नणंदच नव्हती. नवरा होता, तोही जाऊन बरीच वर्षं झाली होती. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर तिची एक खोली होती. दिवसभर तोंडाचा पट्टा चालायचा, पण संध्याकाळी खोलीचं कुलूप निघालं की ते तोंडाला लागायचं.

गृहस्थांचं पुढच्या गावात चष्म्याचं दुकान होतं. आता मुलगा आणि सून बघत. बायको मागच्या हिवाळ्यात गेली होती. बोलताना ते सोबतिणीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत. तिला त्यात वावगं वाटलं नाही. चष्मेवाल्यांना नाकाडोळ्यांची मापं घ्यायची खोड असायचीच.

"राजाच्या राण्या पुष्कळ," गाईडनं माईकवर रोजचा विनोद केला, "म्हणून तर बिचारा वर्षभर लढाईवर असायचा."

सोबतीण सगळ्यांच्या आधी हसली. गृहस्थ मात्र तिलाच हसताना बघत राहिले.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पायऱ्या लागल्या. तेव्हा त्यांनी सहज विचारलं, नणंदेचा गुडघा आता कसा आहे. जिना चढवत नाही अजून, असं ती म्हणाली. गुडघ्याचं आपण यांना कधी सांगितलं, हे तिला आठवेना. सांगितलं असेल. तीच गोष्ट तिनं इतक्या जणांना सांगितली होती की कुणाला कुठवर सांगितली याचा हिशोब कोण ठेवतो.

जेवायला नदीकाठी थांबले. गृहस्थ म्हणाले की घरी दिवसभर टीव्ही चालू असतो. बघत नाहीत, पण आवाज हवा असतो.

"माझंही तसंच आहे," ती बोलून गेली.

"का? नणंद असते ना घरी?"

"असते. पण ती कमी बोलते."

तिला स्वतःचाच राग आला. इतक्या दिवसांत एक खरं वाक्य तोंडून निघालं आणि त्यालाही लगेच खोट्याचं ठिगळ लावावं लागलं.

राण्यांच्या समाध्यांपाशी ती त्यांच्याबरोबर मुद्दाम हळू चालली. ड्रायव्हरनं लांबून डोळे मिचकावले, तिनं काणाडोळा केला. हा माणूस तिला पुन्हा भेटायला हवा होता. आपण पगारी आहोत हे आज सांगितलं तर तो उठून जाईल, याची तिला धास्ती होती. त्यापेक्षा एकदा त्याच्या घरी जावं, समोर बसावं आणि मग सगळं सांगावं. नणंदेसकट सगळं. एवढं तिनं मनाशी पक्कं केलं आणि तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

ऊन उतरता बस डेपोत शिरली. लोक पिशव्या शोधत, पाय झाडत उतरले. गृहस्थ तिच्यासाठी दाराशी थांबले होते.

"या एकदा घरी. स्टेशनासमोरच दुकान आहे, वरच राहतो."

"नक्की येते," ती म्हणाली. हे शब्द ती रोज वाटत आली होती. आज ते पहिल्यांदाच खरे होते. सुट्टी कधी घ्यायची आणि सकाळची कुठली गाडी धरायची, हेसुद्धा तिनं ठरवून टाकलं होतं.

गृहस्थांनी मान हलवली.

"माझ्या बायकोलाही तुम्ही असंच म्हणाला होतात," ते आवाज न चढवता म्हणाले. "मला दुकान सोडवेना, म्हणून ती एकटीच आली होती या बसनं. पुढे अंथरुणाला खिळली, तरी दार वाजलं की विचारायची, बसमधल्या बाई आल्या का म्हणून."