पिवळ्या खाचा

भात्याची चेन उघडली आणि प्राचीचा हात थबकला. बाणाच्या शेपटीला दोरी अडकवायची प्लास्टिकची खाच असते. तिच्या सहाही बाणांच्या खाचा लाल होत्या. आज सगळ्या पिवळ्या. बाकी पिसं, काठी, टोक जागच्या जागी.

पिवळ्या खाचा अबोलीच्या. एकाच खोलीत राहणारी, आणि जिल्हा संघातल्या उरलेल्या एकुलत्या एका जागेसाठी आज प्राचीच्याच विरुद्ध उभी. सकाळी प्राची नाश्त्याला गेली तेव्हा खोलीत दुसरं होतंच कोण? खाच जरा सैल बसली की बाण गेलाच भलतीकडे! तिनं एकेक खाच दोरीवर चढवून पाहिली. सगळ्या नेमक्या बसत होत्या. मग डाव तरी काय होता? तिचा संशय आणखीच वाढला.

"माझ्या बाणांना हात का लावलास?" नेम धरायच्या रेषेवर जाऊन तिनं अबोलीला सरळ विचारलं.

अबोलीनं खिशातून एक लाल खाच काढून तिच्या तळहातावर ठेवली. उभा तडा गेलेली. "ताणताना फुटली असती तर डोळा गेला असता. एकच बदलून चालत नाही, सहाही सारख्या नसल्या की पंच अडवतात. जादाच्या नव्हत्या, म्हणून माझ्या बाणांच्या काढून दिल्या."

"मग सांगायचं ना!"

"सांगून लावू दिल्या असत्यास?"

शिट्टी झाली. प्राचीच्याच उरलेल्या पाच लाल खाचा लावून अबोलीनं सहापैकी पाचच बाण मारले आणि वेळ शिल्लक असतानाच धनुष्य खाली ठेवलं.

प्राचीच्या दोरीवर सहावा बाण चढलेला होता. तो ताणायला तिचा हात तयार होईना.