पाणचट नमुने

सहा महिने वाढवलेल्या पेशींतलं प्रोटीन मोजून तिने हिशेब मांडला. प्रत्येक नमुन्याचे शंभर मायक्रोलिटर भरावे लागणार होते आणि प्रोटीन तपासायच्या जेलच्या खाचेत मावत होते जेमतेम वीस.

"ताई, सगळंच पाणचट निघालं गं! उद्या समितीला काय दाखवू?" ती रडवेली होऊन सीनिअरकडे गेली. शिष्यवृत्ती त्या दोघींपैकी एकीलाच मिळणार होती.

ताईने तिची वही नीट वाचली, पाठीवरून हात फिरवला. "होतं गं असं, वेडाबाई. दे फेकून. पुढच्या वर्षी कर पुन्हा अर्ज, मी आहे ना."

तिने डोळे पुसत सगळ्या नळ्या कचऱ्यात रिकाम्या केल्या.

* * *

मोजण्यासाठी नमुने दहापट पातळ केल्यावर उत्तराला दहाने गुणायचं ती विसरली होती; दहा मायक्रोलिटरच पुरले असते, आणि ते ताईला वही उघडताक्षणीच दिसलं होतं.