दहाचा फरक

“हळू रे, काच फुटेल!” काका म्हणाले.

“आयुष्य गेलं यात, काका,” मीटरवाला डॅशबोर्डखालून बोलला. त्याचे नुसते पाय बाहेर होते, बाकी सगळा माणूस गाडीत.

काकू दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवरची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. जुनं मीटर निघणार, आणि आपलं पितळ उघडं पडणार, या विचाराने त्यांची नजर डॅशबोर्डवरून हलत नव्हती.

गाडी म्हातारी, पण काकांचा जीव की प्राण. मीटरमधले दिवे विझले होते, काचेवर आतून धुकं धरलं होतं, आणि पेट्रोलचा काटा टाकी भरली तरी रिकामीच दाखवायचा. म्हणून जावयाने वाढदिवसाला नवं मीटर पाठवलं. निळा उजेड, मोठाले आकडे. काका लहान पोरासारखे हरखले. काकूंचं मात्र तेव्हापासून जेवणात लक्ष नव्हतं.

लेकीचा फोन आला म्हणून काका रस्त्यावर गेले. काकू लगबगीने उठल्या.

“अरे, नव्यातही तेवढं करशील ना?”

“खरं असेल त्यापेक्षा दहा जास्त. तेच ना?”

“हळू बोल! त्यांच्या कानावर गेलं तर माझी धडगत नाही.”

काकांना पहिल्यापासून वेगाचं वेड. एकदा वळणावर गाडी थेट शेतात उतरली. कुणाला खरचटलंही नाही, पण काकूंनी त्या दिवसापासून गाडीत बसणं सोडलं. लेकीकडे जायचं तर काका गाडीने आणि काकू बसने. दोघं वेगवेगळी पोचायची, आणि लेक दारातच कपाळाला हात लावायची.

मग एकदा गाडी मीटरच्या केबलसाठी याच दुकानात आली. काकू सकाळीच गुपचूप येऊन काटा दहाने पुढे दाखवायला सांगून गेल्या. घरी जाऊन म्हणाल्या, “साठच्या वर जाणार नसाल, तर बसते मी.” काका कबूल झाले. इतक्या चटकन, की काकूंना त्यांची दयाच आली. बिचारे साठ समजून पन्नासने चालवणार!

तेव्हापासूनचे सगळे रस्ते दोघांनी शेजारी बसून केले होते. पन्नासने जाताना किती काय काय दिसायचं! ओढ्याकाठचे बगळे, गवताच्या गंज्या, कुंपणावर वाळत घातलेल्या गोधड्या. काकू संत्रं सोलायच्या आणि एकेक फोड काकांच्या तोंडात ठेवायच्या. ते सगळं आता त्या निळ्या आकड्यांवर टांगलेलं होतं.

“हे खरं दाखवायला लागलं ना, तर पुन्हा माझ्या नशिबी बस.”

मीटरवाल्याने कापडाला हात पुसले. “काकू, काळजी सोडा. तुमच्या मनासारखंच होईल.”

काका परत आले. मीटरवाल्याने वायरी जोडल्या, स्क्रू आवळले, दोन बटणं दाबून काहीतरी जुळवलं. मग तो मागे बसला आणि तिघं मोठ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आली. निळा साठ झळकला. काकूंनी श्वास रोखून बाहेर पाहिलं. झाडं रोजच्यासारखीच, सावकाश मागे सरत होती.

“छान आहे हो मीटर,” त्या म्हणाल्या. काका शीळ घालत होते.

दुकानापाशी काकू गाडीतच बसून राहिल्या. “अहो, चला लवकर. लेक वाट बघत असेल.”

“आलोच! जुनं मीटर घेऊन येतो, आठवण म्हणून.”

आत येताच काकांनी आवाज खाली आणला. “नव्यातही केलंस ना रे? खरं असेल त्यापेक्षा दहा कमी?”

“काका, काळजी सोडा. तुमच्या मनासारखंच झालंय.”

“शाबास! गाडी सत्तरने पळते, मीटर साठ दाखवतं, आणि ही खुशाल संत्रं सोलत बसते. कळलं तर पुन्हा बस पकडेल बघ.”

जुनं मीटर बगलेत मारून काका गेले. गाडी वळणाशी पोचेपर्यंत मीटरवाला दारात उभा राहून बघत होता. मागच्या काचेतून दोन पांढरी डोकी दिसत होती, एकमेकांकडे झुकलेली. तेव्हाही असंच झालं होतं, सकाळी काकू येऊन गेल्या आणि संध्याकाळी काका. त्याने ना तेव्हा काट्याला हात लावला होता, ना आज आकड्यांना.