थोडं वाढव

लाल आकडा एकतीसवर थांबला तसा यतीन गुडघे झटकत उठला आणि बायकोला म्हणाला, "एवढंच बघायचं. हा आकडा हलता कामा नये."

प्रमोदिनीनं दारातूनच मान डोलावली. आखातात, रास अल खैमातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मागची खोली अजगरांची होती आणि ती सहसा उंबरठ्याच्या आत जात नसे. यतीन टाइल्सच्या फॅक्टरीत भट्टीवर सुपरवायझर होता. हजार अंशांवरची भट्टी पाच अंशही इकडेतिकडे न होऊ देणारा माणूस. त्यानं प्लायवूडचा रॅक स्वतःच्या हातानं ठोकला होता. त्यात प्लॅस्टिकचे आठ ड्रॉवर, त्यांच्यामागून हीटिंग केबल आणि भंगारात निघालेला भट्टीचा तापमानाचा कंट्रोलर. वरचा बाण दाबला की आकडा वर, खालचा दाबला की खाली. पाच ड्रॉवरमध्ये आफ्रिकेतले छोटे अजगर वेटोळी घालून पडलेले असत. ज्या देशात माणसं उन्हातून धावत एसीत शिरतात तिथं हा गडी घरात ऊब तयार करत बसला होता.

त्याला अंडी हवी होती. तीन वर्षं तो नर-मादी एकत्र सोडत होता, एकतीसचा आकडा जिवापाड जपत होता आणि अंड्याचा पत्ता नव्हता. अंडी झाली की दुसरा रॅक करायचा, हेही त्यानं जाहीर करून टाकलं होतं.

त्या रॅकपायी प्रमोदिनीचं घर मात्र ओस पडलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी मंडळातल्या बायका दारातच वाण घेत आणि लिफ्टकडे पळत. ही जनावरं कुणाला तरी देऊन टाका, असं तिनं एकदा रडून सांगितलं होतं. मग त्यांच्याबरोबर मलाही देऊन टाक, असं तो हसत म्हणाला. त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

आता दोन हजार एकचा डिसेंबर निम्मा सरला होता. नाशिकला यतीनच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून तो सहा आठवड्यांच्या रजेवर निघाला होता. पर्णिकाची चौथीची शाळा होती, त्यामुळे मायलेकी इथेच राहणार होत्या. अजगरांना तेवढे दिवस खाणं नसलं तरी चालणार होतं. पाणी पर्णिका बदलणार होती.

"आणि थंडी लागली तर काय होतं त्यांना?" प्रमोदिनीनं विचारलं.

यतीनला फार बरं वाटलं. तीन वर्षांत तिनं पहिल्यांदाच आपण होऊन त्यांची चौकशी केली होती. "हळूहळू गारठून मरतात," तो म्हणाला. "म्हणून तर तुझ्यावर सोपवून जातोय."

नाशिकहून तो दर शुक्रवारी फोन करायचा. तिकडे गारठा पडला असेल, थोडं वाढव, असं प्रत्येक वेळी बजावायचा. बरं, वाढवते, असं ती म्हणायची. मग पर्णिका फोन ओढून घ्यायची आणि सांगायची, "दे आर स्लीपिंग, बाबा. ऑल डे."

जानेवारीच्या अखेरीस तो परतला, बॅग दारात टाकून थेट मागच्या खोलीत गेला आणि जागीच थबकला. आकडा बावीसवर होता. त्यानं मोठ्या मादीचा ड्रॉवर ओढून तिला उचललं. ती ओल्या दोरखंडासारखी गार लागली. बऱ्याच वेळानं तिनं जीभ बाहेर काढली, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

"हे काय केलंस?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगत होता ना, वाढव," प्रमोदिनी म्हणाली. "एसी वाढव म्हटलं की आपण आकडा खालीच नेतो."

यतीननं मादीला परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. खरंच होतं ते. त्याच्या घरात काय नि बिल्डिंगमध्ये काय, वाढवायची ती फक्त थंडीच. ऊब वाढवायची वेळ इथे कुणावर येते? त्यानं सगळा दोष स्वतःकडे घेतला. मंडळात हा किस्सा त्यानंच रंगवून सांगितला, लोक पोट धरून हसले, आणि प्रमोदिनीही हसली.

सुदैवानं एकही जनावर दगावलं नाही. रोज एकेक अंश चढवत त्यानं आकडा पुन्हा एकतीसवर आणला. फेब्रुवारीत नेहमीसारखे नर-मादी एकत्र सोडले. आशा मात्र त्यानं सोडून दिली होती.

मे महिन्यात एका शुक्रवारी सकाळी त्यानं मोठ्या मादीचा ड्रॉवर ओढला. आत सहा अंडी होती. पांढरीशुभ्र, एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्याभोवती मादीनं आपलं सगळं अंग गुंडाळून घेतलेलं.

त्यानं फुजैराला सिरिलला फोन लावला. सिरिल मूळचा वसईचा, फुजैराच्या बंदरावर नोकरीला होता आणि साप पाळण्यात यतीनचा गुरू होता. त्यानं सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

"हबीबी, तू त्यांना तीन वर्षं नुसता उन्हाळाच दिलास," तो म्हणाला. "हिवाळा जाणवल्याशिवाय ही जनावरं अंड्यावर येत नाहीत. तो वहिनींनी दिला."

यतीनचे डोळे भरून आले. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं बायकोला चक्क हात जोडले, तुझ्या या एका चुकीनं माझं सोनं झालं म्हणाला, आणि पर्णिकाला घेऊन पेढे आणायला गेला.

प्रमोदिनीनं गॅस बंद केला. ती मागच्या खोलीत गेली आणि त्या उघड्या ड्रॉवरसमोर जमिनीवर बसली. मादीनं डोकं अंड्यांवर टेकवलं होतं. ती हलली नाही, फुसफुसली नाही, नुसती बघत राहिली. सहा आठवड्यांचा तो गारठा सोसून ही बाई आई झाली होती. प्रमोदिनीनं हात पुढे केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या अंगाला बोटं लावली. अंग उबदार होतं.

"माझं काही चुकलं नव्हतं गं," ती अगदी हळू म्हणाली. "मी तुला मारायलाच बसले होते."