बिनखुर्च्यांची सभा

सभागृहात एकही खुर्ची नव्हती. बेकरीवाल्या काकू दारातच थबकल्या. नगरभवनाची ती लांबलचक खोली इतकी मोकळी त्यांनी कधी पाहिली नव्हती. खुर्च्या पॉलिशला गेल्यात, असं शिपायाने सांगितलं आणि आत सरका, आत सरका म्हणत मागून येणाऱ्यांना पुढे लोटलं.

काकूंचं घर आणि घराला लागून असलेली भट्टी खालच्या गल्लीत होती. ती सगळी गल्ली पाडून तिथे गोदामं बांधायची, असा ठराव आज येणार होता. तरी काकू खचलेल्या नव्हत्या. गावाची रीत त्यांच्या बाजूची होती. ठराव वाचून झाला की ज्याचा विरोध असेल त्याने खुर्चीतून उठायचं. एक माणूस जरी उठला तरी ठराव अडायचा आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागायचं. विरोध विचारल्यापासून घंटा वाजेपर्यंत मात्र कुणी ब्र काढायचा नाही. पूर्वी इथे हातघाईवर येत, म्हणून जुन्या लोकांनी तो नियम घातला होता. घंटा वाजली की विषय संपला. याच खोलीत असं नुसतं उठून लोकांनी दवाखाना वाचवला होता, शाळेचं मैदान वाचवलं होतं.

आदल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी भट्टीपाशी बसून काकूंना शब्द दिला होता. धाकटी जाऊ तर म्हणाली होती की सगळ्यांच्या आधी मीच उठेन. काकूंना तेवढा भरवसा वाटत नव्हता. गर्जेल तो पडेल काय, असं त्या मनाशीच म्हणाल्या होत्या.

पुढच्या रांगांत गोदामांचा ठेकेदार आणि त्याची माणसं आधीपासूनच खांद्याला खांदा लावून उभी होती. रेटारेटीत जाऊ कुठे गेली ते कळेना. गल्लीतल्या घड्याळजीचं टक्कल थोडा वेळ दिसलं, मग तेही गर्दीत बुडालं.

नगराध्यक्ष आले. माणूस इतका गोड, की लोक त्यांच्यामागे त्यांना मधाचं बोट म्हणत. व्यासपीठही आज रंगकामासाठी काढलेलं होतं. ते जमिनीवरच टेबलामागे उभे राहिले, आणि बरंच झालं, आज मी तुमच्यातलाच एक, असं म्हणून हसले. लोकही हसले. मग त्यांनी ठराव सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचला.

"आता खुर्च्या नाहीत, तर रीत जरा उलटी करू या," ते म्हणाले. "उभे तर सगळेच आहात. ज्यांचा विरोध असेल त्यांनी खाली बसावं."

भट्टीसमोर उभं राहून राहून काकूंचे गुडघे कामातून गेले होते. एकदा खाली बसल्या की कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नसे. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे डोकीच डोकी. कुणी खाली जाताना दिसेना. शेवटी शब्दाला जागणारं कुणी नाहीच, असं वाटून त्यांना आतून तुटल्यासारखं झालं. नसेना का कुणी, एकटीनेही भागतं. दात आवळून, शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीला धरून त्या खाली बसल्या.

फरशी गार होती. समोर नुसते पाय होते, धुळीच्या चपला आणि पॉलिश केलेले बूट. त्या पायांच्या फटीतून त्यांना जाऊ दिसली. मांडी घालून बसली होती. तिच्या पलीकडे घड्याळजी, भिंतीशी सुतार आणि त्याची बायको. सगळी गल्ली बसली होती. दवाखान्यातल्या नर्सबाईसुद्धा बसल्या होत्या, आणि त्या तर गल्लीतल्याही नव्हत्या. काकूंना रडूच आलं. आपल्या माणसांवर उगाच संशय घेतला, याची लाज वाटली. जावेने त्यांच्याकडे पाहून हळूच मान हलवली. गल्ली वाचली होती.

वरून नगराध्यक्षांचा आवाज आला, नेहमीसारखाच गोड.

"मला तर कुणीच बसलेलं दिसत नाही," ते म्हणाले आणि घंटा वाजली.