वाळत ठेवलेली पाटी

"एक चहा द्या. साखर बेतानं," असं म्हणत म्हातारेबुवा सरळ व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेसुद्धा.

सुनेच्या हातातला ब्रश हातातच राहिला. पाटी तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी रंगवली होती. विटकरी फळीवर पिवळी ठसठशीत अक्षरं: 'चहा तयार आहे. आत या.' मग पॉलिशपेपरनं कोपरे घासून, मातकट रंगाचा बोळा फिरवून तिनं त्या फळीला एका दुपारीत म्हातारं केलं होतं. "नव्या घरात हे भंगार कशाला?" सासूबाई कुरकुरल्या होत्या. या गावात राहायला आल्यापासून त्या एक तर कुरकुरत, नाहीतर गप्प असत. ओळखीचं कुणी नाही. दाराची बेल वाजायची ती चुकूनच.

पाटी वाळायला म्हणून सुनेनं फाटकाला टेकवली होती, एवढंच.

"आजोबा, इथं दुकान नाही हो," ती म्हणाली.

"नाही कसं? तरुणपणी रोज बसायचो इथं. हीच पाटी होती."

सुनेला हसू आवरेना. पाटीचा रंग अजून बोटाला लागत होता. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. आता आपली काही धडगत नाही, असं तिला वाटलं.

सासूबाईंनी पाटीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. "माझ्या सासऱ्यांनी काढलेलं दुकान," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "आलं घालू ना?"

मग एक शालवाल्या बाई आल्या. पाठोपाठ भाजीची पिशवी घेतलेलं एक जोडपं आलं. कप संपले, पेले निघाले, पेले संपल्यावर वाट्या. सासूबाईंच्या थापांना तर ऊत आला. एका पैलवानानं म्हणे इथंच पैजेवर अख्खं पातेलं तोंडाला लावलं होतं. "मी होतो की तेव्हा," म्हातारेबुवांनी साक्ष दिली. सासूबाई हसता हसता खोकल्या, आणि सून ओट्याला टेकून पोट धरून बसली.

दिवे लागायच्या वेळी म्हातारेबुवा निघाले. सुनेला राहवेना. ती फाटकापर्यंत गेली.

"आजोबा, खरं सांगू? इथं दुकान कधीच नव्हतं. पाटी मी आजच रंगवली."

"ठाऊक आहे, पोरी. समोरच्या घरात जन्मलो मी. ते बसलेत तेही सगळे याच गल्लीतले," ते हळूच म्हणाले. "तुमच्याकडे यायचं कधीचं मनात होतं आमच्या. पण बोलावल्याशिवाय यायचं कसं?"