सात वाव पाणी

"सात वाव पाणी!" गनिमाच्या जहाजाला वाट दाखवणाऱ्या कैदी बानं आरोळी ठोकली. जहाजालगतच्या होडीतली मंजुळी चरकली. पुढं कसलं सात वाव खोल, कमरेइतक्या पाण्याखाली खडक होता. बानंच तिला तिथं पोहायला शिकवलेलं.

मासळीच्या टोपलीत कानस लपवून ती त्याची बेडी कापायला आली होती. पण जहाज फुटलं, तरच किनाऱ्यावरचा त्यांचा किल्ला वाचणार होता.

कप्तान एवढा संशयी, की स्वतःच्या मिशाही चाचपून बघायचा. "ए छोकरी, बुढ्ढा खरं बोलतो?"

बा तिच्याकडे बघत होता. पहिल्यांदा पाण्यात तिचा हात सोडताना बघितलं होतं, तसाच.

"कसला खरं बोलतोय मेला!" मंजुळी ओरडली. "आठ वाव आहे, आठ!"

बा खदखदून हसला. जहाज खडकाकडे निघालं, आणि बा शेवटपर्यंत नीट दिसावा म्हणून मंजुळी डोळे पुसत राहिली.